ट्रॅक्टरची सदोष दुरुस्ती व आपलें कर्तव्य

आपल्या संघाच्या मागील बैठकींत खतांचा विषय संपल्यावर सहज बोलणें निघालें आणि एका सभासदांनीं आपल्या चारचाकी गाडीची हकीकत सांगितली. विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्यें गाडी तीन वेळां जाऊन आली, तिन्ही वेळां पैसे भरले, आणि इंजिन तापण्याचा दोष होता तेथेंच आहे. त्यांचें बोलणें संपतें न संपतें तोंच दुसऱ्यानें ट्रॅक्टरची व तिसऱ्यानें मळणीयंत्राची अशीच कथा आरंभिली. अर्धा तास सर्वांनीं मिळून विक्रेत्यांस यथेच्छ दोष दिला. नंतर एका वृद्ध सभासदांनीं विचारलें, "तुमच्यापैकीं कोणाजवळ या दुरुस्तीचा एखादा कागद आहे काय?" तेव्हां बैठक एकदम स्तब्ध झाली. एकाजवळ बिल होतें. पण त्यावर 'दुरुस्ती' या एका शब्दापलीकडे कांहींच लिहिलेलें नव्हतें.

मीहि त्या स्तब्धतेंतच बसलों असतों. परंतु २०२३ च्या पावसाळ्यांत मला या बाबतींत एक धडा मिळाला होता, व त्याची किंमत मीं पदरची भरलेली असल्यामुळें तो येथें सांगण्याचा मला थोडासा अधिकार आहे असें वाटतें. माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. दुरुस्तीच्या तंट्याचा निकाल न्यायासनापुढें लागतो ही समजूत चुकीची आहे. तो बहुधा वर्कशॉपच्या दारांत व आपल्या स्वतःच्या गोठ्यांत, यंत्र उघडण्याच्या वेळींच लागून गेलेला असतो. तेथें आपण कागद केला नाहीं व पुरावा राखला नाहीं, तर कायदा कितीहि आपल्या बाजूचा असो, तो आपल्या उपयोगीं पडत नाहीं.

माझा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा, २०१७ सालीं घेतलेला. त्या वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस नांगर लावला कीं इंजिनाचा आवाज वाढे, पण चाकें ओढ घेत नसत. क्लच सरकूं लागला आहे हें कोणाहि जुन्या ड्रायव्हरला समजण्यासारखें होतें. तालुक्याच्या गांवीं ज्या विक्रेत्याकडून ट्रॅक्टर घेतला त्याच्याच वर्कशॉपमध्यें तो नेऊन दिला. या विक्रेत्याच्या वडिलांनीं माझ्या वडिलांस पहिलें ऑइल-इंजिन विकलें होतें. दोन्ही घरांचें लग्नकार्यांत येणेंजाणें आहे. "नाना, तुम्ही निर्धास्त राहा, मृगाच्या आंत ट्रॅक्टर दारांत उभा करतों," असें तो म्हणाला. काय बिघडलें आहे हें त्यानें लिहून घेतलें नाहीं, आणि मींहि लिहून घ्या म्हटलें नाहीं. अकराव्या दिवशीं ट्रॅक्टर आला व त्याबरोबर ३८,४०० रुपयांचें बिल आलें. त्यांत क्लच-प्लेट, प्रेशर-प्लेट, बेअरिंग, हायड्रॉलिकचें तेल व फिल्टर आणि मजुरी अशीं कलमें होतीं. रक्कम मीं त्याच दिवशीं दिली. त्यानंतर तासांच्या मीटरप्रमाणें अवघें एकोणीस तास काम झालें, आणि क्लच पूर्ववत् सरकूं लागला.

येथें थोडें यंत्राविषयीं सांगितलें पाहिजे. माझ्या ट्रॅक्टरांतील क्लच-प्लेट, बहुतेकांच्या ट्रॅक्टरांत असते तशी, कोरडी आहे. ती केवळ घर्षणानें इंजिनाची शक्ति गिअर-बॉक्सकडे पोंचविते. तिच्या एका बाजूस इंजिनांतील तेल असतें व दुसऱ्या बाजूस गिअर-बॉक्समधील. फिरत्या दांड्याभोंवतीं बसविलेलीं सीलें हें तेल अडवून धरतात. सील कडक होऊन तडकलें कीं तेल झिरपून प्लेटवर येतें, आणि मग प्लेट नवी असो वा जुनी, ती पकड सोडते. सीलाची किंमत कांहीं शें रुपये. परंतु तेथपर्यंत पोंचावयाचें तर ट्रॅक्टर मधोमध फोडून इंजिन व गिअर-बॉक्स वेगळे करावे लागतात. म्हणून प्लेट बदलण्याकरितां ज्यानें एकदां ट्रॅक्टर फोडला, त्यानें त्याच वेळीं दोन्ही बाजूंचीं सीलें तपासणें हा त्याच्या धंद्याचा भागच आहे. तें न करतां नवी प्लेट बसविणें म्हणजे छप्पर गळतें ठेवून खालची भिंत सारवण्यासारखें होय.

विक्रेत्याकडे गेलों तेव्हां त्यानें प्लेटचें नांवच घेतलें नाहीं. "तुमचा ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवितो, नवी प्लेटसुद्धां जाळली त्यानें," असें तो म्हणाला, व पुन्हा ट्रॅक्टर फोडण्याचे १४,००० रुपये आगाऊ मागितले. वाचकहो, हा आक्षेप अगदींच निराधार नसतो हें मला मान्य केलें पाहिजे. क्लचवर पाय ठेवून चालविण्याची खोड आपल्या पुष्कळ मुलांस आहे, व तिनें प्लेट खरोखरच जळते. परंतु जळलेली प्लेट कोरडी, चकचकीत, करपलेली दिसते. तेलानें गेलेली प्लेट ओली असते. कोणाचें म्हणणें खरें तें प्लेट पाहतांक्षणींच समजण्याजोगें होतें. मात्र ती उघडावयाची ती दोन्ही पक्षांच्या डोळ्यांदेखत, एवढाच प्रश्न होता.

आणि येथेंच मोठा मोह उभा राहिला. त्या वर्षीं पाऊस लांबला होता. अरबी समुद्रांतील चक्रीवादळानें मोसमी वाऱ्यांची चाल अडवून धरली, व महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापावयास जूनची २५ तारीख उजाडली. आमच्याकडे वापसा आला तेव्हां घरोघर पेरणीची एकच घाई उसळली. गांवचा मिस्त्री गोठ्यांत येऊन म्हणाला, "नाना, रात्रींतून फोडतों, सील घालतों, पहांटे पेरायला निघा." त्याचें म्हणणें चुकीचें नव्हतें, त्यानें तें केलेंहि असतें. परंतु एकदां त्यानें हात लावला कीं विक्रेत्याच्या कामांत काय उणें होतें हें सिद्ध करण्याचा मार्ग कायमचा बंद. 'तुमच्या मिस्त्रीनेंच बिघडविलें' एवढें एक वाक्य त्याला पुरें झालें असतें. आपल्यापैकीं शेंकडों लोकांचे खरे दावे याच एका रात्रीं बुडतात, असें माझें मत आहे.

मीं ट्रॅक्टर तसाच उभा ठेवला. चुलतबंधूचा ट्रॅक्टर भाड्यानें घेऊन पेरणी केली. त्याची स्वतःची पेरणी होईपर्यंत थांबावें लागल्यामुळें माझें सोयाबीन सहा एकरांवर चार दिवस उशिरां पडलें. घरांतील मंडळी माझ्यावर किती रागावली हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. दरम्यान विक्रेत्यास रजिस्टर पोस्टानें पत्र पाठविलें कीं, अमुक तारखेस सकाळीं दहा वाजतां माझ्या गोठ्यांत ट्रॅक्टर उघडण्यांत येईल, तंत्रनिकेतनांतील मोटार-विषयाचे एक अध्यापक तो तपासतील, तरी आपण किंवा आपल्या माणसानें हजर राहावें. आठ दिवसांची मुदत दिली. त्या दिवशीं त्याचा एक मेकॅनिक आला, कांहीं न बोलतां उभा राहिला, व पंचनाम्यावर सही न करतां निघून गेला. तो आला होता व त्यानें सही नाकारली, एवढेंहि आम्हीं लिहून ठेवलें.

इंजिनाच्या मागील बाजूचें सील तडकलेलें व जुनें निघालें; नवी प्लेट तेलानें चिंब भिजलेली होती व तिच्यावर जळाल्याची खूण नव्हती. अध्यापकांनीं अर्ध्या पानाचा अभिप्राय लिहून सही केली. तासांच्या मीटरसह छायाचित्रें घेतलीं, प्लेट व सील पिशवींत घालून दोन पंचांच्या सह्यांनिशीं लाखेनें बंद केलीं. त्यानंतरच मिस्त्रीला हात लावूं दिला. अध्यापकांस ३,००० रुपये दिले व त्याची पावती घेतली.

पावतीचा विषय निघाला म्हणून सांगतों. भाड्याचे १६,५०० रुपये चुलतबंधूस देऊन मीं पावती मागितली, तेव्हां तो कांहीं वेळ माझ्याकडे पाहतच राहिला. "आतां आपल्यांत पावत्या चालूं झाल्या काय?" असें त्यानें विचारलें, व तीन दिवस तो माझ्याशीं नीट बोलला नाहीं. आपणां कुणब्यांच्या व्यवहारांत कागद मागणें म्हणजे विश्वास नाहीं असें म्हणणें, ही समजूत फार खोल गेलेली आहे. तिच्यामागें एक चांगुलपणा आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु विक्रेत्याच्या वकिलास तो चांगुलपणा दिसत नाहीं. त्याला एवढेंच दिसतें कीं नुकसानीची रक्कम सांगितली आहे आणि तिला आधार नाहीं. शेवटीं चुलतबंधूनें पावती दिली, तीहि वहीच्या पानावर तारीख व एकर लिहून. पुढें ती उपयोगी पडली.

आतां कायद्याविषयीं. पुष्कळांचा समज असा कीं वॉरंटी संपली म्हणजे तक्रारीचा हक्कहि संपला. हा समज निखालस खोटा आहे. वॉरंटी ही यंत्र विकतांना दिलेली हमी; पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही स्वतंत्र सेवा आहे, आणि तींत उणीव राहिली तर १९८६ च्या व त्याच्या जागीं आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दाद मागतां येते. नवा कायदा जुलै २०२० पासून अमलांत आहे. आपण जेथें राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगांत तक्रार देतां येते. विक्रेत्याच्या किंवा कंपनीच्या गांवीं हेलपाटे घालावे लागत नाहींत. दिलेला मोबदला पांच लाखांच्या आंत असेल तर फी मुळींच नाहीं, वकीलहि सक्तीचा नाहीं. मुदत मात्र तंट्याचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची. नुसत्या पत्रव्यवहारानें ती वाढत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. गोड बोलून दोन वर्षें काढणारे विक्रेते मीं पाहिले आहेत.

सामनेवाल्याचा पहिला बचाव ठरलेला असतो: ट्रॅक्टर धंद्यासाठीं आहे, सबब तक्रारदार ग्राहकच नव्हे. माझ्याहि बाबतींत तो घेतला गेला, कारण उन्हाळ्यांत शेजाऱ्यांचीं दोनचार शेतें मीं भाड्यानें नांगरून दिलीं होतीं. मीं तें लपविलें नाहीं, व कोणीं लपवूंहि नये. स्वतः राबून उपजीविका करण्यासाठींच घेतलेल्या वस्तूचा वापर कायदा व्यापारी समजत नाहीं. आणि व्यापारी हेतु सिद्ध करण्याचा भार सेवा देणाऱ्यावर आहे असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं स्पष्ट केलें आहे. शेतकरी हा ग्राहक आहे ही गोष्ट तर बियाण्यांच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें २०१२ सालींच सांगितली. त्या निकालांत आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे: शेतकरी सर्व बियाणें पेरून टाकतो, प्रयोगशाळेसाठीं त्यांतील नमुना राखून ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करतां येत नाहीं. परंतु ही सवलत बियाण्यापुरतीच समजावी. बी जमिनींत जातें. क्लच-प्लेट गोठ्यांत राहते. ती न राखण्यास आपणांजवळ सबब नाहीं.

कंपनीलाहि सामनेवाला करावें काय, असें मला कित्येकांनीं विचारलें आहे. करण्यास हरकत नाहीं, पण तिच्यावर भिस्त ठेवूं नये. गोव्यांतील एका मोटारीच्या प्रकरणांत विक्रेत्यानें जुन्या सालची गाडी नवी म्हणून दिली होती. तेथें विक्रेता व कंपनी यांचे व्यवहार स्वतंत्र आहेत, विक्रेत्याच्या कृत्याची माहिती कंपनीला असल्याचें दाखविल्याशिवाय तिला जबाबदार धरतां येत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं दिला. तसेंच, क्लच वारंवार बिघडला म्हणून सबंध गाडीच नवी द्या ही मागणीहि २००६ सालीं त्या न्यायालयानें मान्य केली नाहीं. सदोष भाग बदलून मिळेल, खर्च व त्रासाची भरपाई मिळेल. नवा ट्रॅक्टर मिळेल या आशेनें कोणीं जाऊं नये.

बैठकींतील ज्या सभासदांची चारचाकी बिलासाठीं अडकवून ठेवली होती त्यांच्यासाठीं एक गोष्ट निराळी सांगतों. १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणें कारागिरास मजुरी मिळेपर्यंत वस्तु ठेवून घेण्याचा हक्क आहे. परंतु तो सोंपविल्याप्रमाणें काम केलेल्याचा हक्क आहे. न केलेल्या कामाच्या बिलासाठीं नव्हे. तथापि वर्कशॉपच्या दारांत हा वाद घालून गाडी सुटत नाहीं. अशा वेळीं पैसे भरावे, मात्र पावतीवर 'दोष कायम आहे, हरकत राखून रक्कम भरली' असें आपल्या हातानें लिहून तिचें छायाचित्र घ्यावें. न लिहितां भरलेली रक्कम ही 'काम पसंत आहे' याची कबुली म्हणून पुढें दाखविली जाते. हप्ते थांबविण्याचा मार्ग तर कोणीच धरूं नये. कर्ज बँकेचें असतें, विक्रेत्याचें नव्हे, आणि ट्रॅक्टर ओढून नेण्याची पाळी आपणांवरच येते.

माझ्या तंट्याचें पुढें काय झालें? १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक साह्यकेंद्राकडे तक्रार नोंदविली. त्यांनीं ती कंपनीकडे पाठविली व कंपनीचें एक सभ्य भाषेंतील निरुपयोगी उत्तर आलें. त्या केंद्रास सक्ति करण्याचा अधिकार नाहीं, हें अगोदर माहीत असलेलें बरें. सप्टेंबरमध्यें जिल्हा आयोगांत तक्रार दिली. सामनेवाल्यानें तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवसांत, उत्तर द्यावें असें कायदा म्हणतो. प्रकरण तीन महिन्यांत, व तपासणी लागल्यास पांच महिन्यांत संपवावें असेंहि म्हणतो. प्रत्यक्षांत तारखा पडतात. माझ्या तर सहा पडल्या. २०२४ च्या उन्हाळ्यांत आयोगानें प्रकरण मध्यस्थीकडे पाठविलें आणि तेथें लाखेची पिशवी प्रथमच टेबलावर आली. विक्रेत्यानें ती उघडूं दिली नाहीं. अभिप्राय वाचला, छायाचित्रें पाहिलीं, बाहेर जाऊन वकिलाशीं बोलला, आणि परत येऊन म्हणाला, "नाना, हें सगळें त्याच वेळीं मला दाखवायचें होतें." त्याला बोलावल्याचें पत्र व पोंच त्या कागदांतच होती, पण मीं तें काढून दाखविलें नाहीं.

प्लेटची किंमत व मजुरी मिळून २७,००० व ट्रॅक्टरभाड्यापोटीं १२,००० रुपये त्यानें द्यावे, आणि मानसिक त्रासाच्या मागणीवर मीं पाणी सोडावें, असें ठरलें. गांवांत कित्येकांनीं मला नांवें ठेवलीं: पुरावा एवढा भक्कम असतां तडजोड कां केली? याला माझें उत्तर असें. हायड्रॉलिकचें काम त्यांनीं चांगलें केलें होतें, तें आजहि टिकून आहे. त्याचे पैसे परत मागणें मला योग्य वाटलें नाहीं. दुसरें, अपील झालें असतें तर त्यासाठीं निम्मी रक्कम त्याला भरावी लागली असती हें खरें, परंतु माझींहि दोन वर्षें गेलीं असतीं. आणि तिसरें, आमच्या ड्रायव्हरच्या पायाविषयीं मला शपथ घेववत नव्हती. ती प्लेट तेलानेंच गेली होती, यांत शंका नाहीं. पण त्याच्या अगोदरची कशानें गेली हें देवच जाणे.

दोष सर्व विक्रेत्यांच्याच माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. आपण सारे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत एकदम जागे होतों. वर्कशॉपच्या अंगणांत एका वेळीं तीस ट्रॅक्टर उभे राहतात, आणि शिकाऊ पोरें रात्रीं बारापर्यंत काम करतात. सील त्या घाईंतच राहून गेलें असावें. फाल्गुन-चैत्रांत, रबीची मळणी आटोपतांच ट्रॅक्टर दिला असता, तर ही वेळ कदाचित् आलीच नसती.

पुढचा काळ याहून कठीण आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाल्यानें त्यांच्या इंजिनांत विजेचीं व संगणकाचीं साधनें वाढलीं आहेत. असें यंत्र आपला मिस्त्री उघडूं शकत नाहीं. दोष कोणता हें सुद्धां विक्रेत्याचा संगणकच सांगतो. अमेरिकेंत शेतकऱ्यांनीं याविरुद्ध झगडून कोलोरॅडो राज्यांत २०२३ सालीं कायदाच करून घेतला. आपल्या केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं एक संकेतस्थळ उघडलें व त्यांत शेतीयंत्रांचा समावेश केला, हें चांगलें झालें. परंतु माहिती मिळणें व हक्क मिळणें यांत अंतर आहे. तोंवर यंत्र वर्कशॉपला देतांना जॉब-कार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत, मीटरचा आंकडा व खर्चाचा अंदाज लिहून घेणें, आणि काढलेले जुने भाग परत मागणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे. जुना भाग देण्यास जो कांकूं करील त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्यापूर्वीं विचार करावा.

मागील बैठकीनंतर मीं कार्यकारी मंडळास अशी विनंति केली आहे कीं, यंत्र तपासून लेखी अभिप्राय देण्यास तयार असलेल्या दोनतीन जाणत्या माणसांचीं नांवें संघानें मिळवून ठेवावीं, व सभासदाचें यंत्र उघडण्याच्या वेळीं संघाचा एक मनुष्य पंच म्हणून पाठवावा. एकट्या शेतकऱ्याच्या पत्रास विक्रेता उत्तर देत नाहीं; संघाच्या शिक्क्याचें पत्र तो निदान वाचतो. माझ्या पत्राचा व पंचनाम्याचा मसुदा मीं कार्यालयांत देऊन ठेवला आहे, ज्यांस पाहिजे त्यांनीं उतरून घ्यावा. तेलांत भिजलेली प्लेटहि तेथेंच फळीवर आहे, आणि तिच्याशेजारीं दुसऱ्या एका सभासदांनीं आणून दिलेली जळकी प्लेट ठेवली आहे. दोहोंतील भेद ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं बाजाराच्या दिवशीं दुपारीं यावें. त्या वेळीं मी तेथें असतों.